जोडे कुठे काढायचे?



चपला कुठे काढायच्या, हा प्रश्न आपल्या प्रत्येकीच्या घरात कधी ना कधी उठलेला असतो. नवी सून स्वयंपाकघरात सपाता घालून उभी राहते. व्याही बूट न काढताच दिवाणखान्यात येऊन बसतात. गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूस दारातच अडखळतो, काढू की राहू देऊ? प्रसंग दोन मिनिटांचा, पण त्यावरचं बोलणं आठवडाभर पुरतं. एक म्हणते, घरात देवघर आहे, उंबऱ्याच्या आत चप्पल नको. दुसरी म्हणते, गुडघे दुखतात, फरशी गार लागते, आता कशाला एवढं? थोड्याच वेळात गोष्ट चपलेची राहत नाही. ‘तुमच्याकडे वळणच नाही’ आणि ‘तुम्हीच तेवढ्या शुद्ध’ इथपर्यंत जाते.

इतक्या साध्या गोष्टीचा एवढा राग का येतो, याचं उत्तर शोधायला मी थोडी जुनी पुस्तकं चाळली आणि थक्क झाले. पायातल्या जोड्यांवरून आपल्या देशात आणि शेजारच्या ब्रह्मदेशात साठ-सत्तर वर्षं जाहीर वाद चालला होता. त्यावर सरकारने ठराव केले. कोर्टात तंटे झाले, वर्तमानपत्रांत पत्रं आणि लेख छापून आले. एका राजाचं आणि इंग्रजांचं समोरासमोर बोलणं बंद झालं. शेवटी काही भिक्षू तुरुंगात गेले. त्या काळच्या इंग्रजी लिखाणात या वादाला ‘शू क्वेश्चन’ असं नावच पडलं होतं, म्हणजे जोड्यांचा प्रश्न. आज त्याचीच गोष्ट सांगते.

त्यांचं डोकं, आपले पाय

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. मान देण्यासाठी अंगावरचं काहीतरी उतरवायचं, ही रीत दोन्हीकडे होती. फक्त टोकं वेगळी होती. इंग्रज माणूस चर्चमध्ये किंवा मोठ्या माणसासमोर टोपी काढतो आणि बूट पायात ठेवतो. आपल्याकडे नेमकं उलटं. डोक्यावर पागोटं, पगडी, टोपी किंवा पदर हवाच. उघड्या डोक्याने मोठ्यांसमोर जाणं हा अवमान, आणि पायातलं मात्र बाहेर काढून यायचं.

याला कारणं होती. आपण जमिनीवर बसणारी माणसं. जाजमावर, सतरंजीवर बसायचं, तिथेच पान मांडून जेवायचं, तिथेच मूल खेळवायचं. रस्त्यावरची घाण तिथे आणणं कोणालाच पटणार नाही. शिवाय जोडे चामड्याचे. ज्यांचं बसणं-उठणं खुर्चीवर आणि जेवण टेबलावर, त्यांना बुटाची तेवढी अडचण वाटायची नाही. त्यांच्या थंड देशात अनवाणी पाय म्हणजे गरिबी, नाहीतर प्रायश्चित्त. तरी पवित्र जागी जोडे काढायची कल्पना त्यांना अगदीच परकी होती असं नाही. त्यांच्या बायबलमध्येच मोशेला पवित्र भूमीवर पायातले जोडे काढायला सांगितल्याची गोष्ट आहे.

म्हणजे दोन्ही बाजूंना मान देणं ठाऊक होतं. शहाणपणाने वागले असते तर ‘तुमच्या घरी तुमची रीत, आमच्या घरी आमची’ एवढ्यावर विषय मिटला असता. तो मिटला नाही, कारण एका बाजूच्या हातात सत्ता होती.

निजामाच्या दरबारात

आपल्या मराठवाड्यातल्या मैत्रिणींसाठी हैदराबादचं उदाहरण जवळचं, कारण तेव्हा तो मुलूख निजामाचाच होता. हैदराबादला कंपनी सरकारचा रेसिडेंट असे. निजामाच्या भेटीला जाताना तो दरबारच्या रिवाजाप्रमाणे बूट काढून आत जाई आणि इतर सरदारांसारखाच खाली बैठकीवर बसे. कितीतरी वर्षं हे चालू होतं आणि त्यामुळे कोणा इंग्रजाचं काही अडलं नव्हतं.

१८६९ मध्ये निजाम अफजल-उद्-दौला वारले आणि त्यांचा मुलगा महबूब अली खान गादीवर आला. तो अवघ्या दोन-तीन वर्षांचं पोर होता. कारभार दिवाण सालारजंग यांच्याकडे. हीच वेळ साधून रेसिडेंटने कळवलं की यापुढे आम्ही बूट काढणार नाही आणि खुर्चीवरच बसू. बाळराजा काय बोलणार? दिवाणांना मान्य करावं लागलं. जुना निजाम हयात असताना जे चालत होतं ते पाळण्यातला राजा आल्याबरोबर चालेनासं झालं. बुटाला जागा मिळाली ती दुसरी बाजू दुबळी झाली म्हणून.

आणि त्यांच्या दारात?

आता दुसरी बाजू बघा. आपल्या दरबारात बूट न काढणारे हे साहेब त्यांच्या कचेरीत आलेल्या हिंदी माणसाला मात्र जोडे बाहेर काढायला लावत. कारण काय, तर ‘तुमच्या लोकांची मान देण्याची रीतच ती आहे’. आपली रीत ते आपल्यालाच दाखवत होते!

पुढे शिकलेली, इंग्रजी पद्धतीचे बूट-मोजे घालणारी पिढी आली, तेव्हा पंचाईत झाली. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने ठराव केला की युरोपीय धर्तीचे बूट घालणाऱ्या हिंदी गृहस्थांना सरकारी समारंभांत ते घालून येता येईल. १८७४ मध्ये ही सवलत वाढवून कोर्टकचेऱ्यांना लागू केली. पण देशी जोडे घालणाऱ्याने ते पूर्वीप्रमाणे बाहेरच काढायचे. म्हणजे चामडं तेच, धूळ तीच, रस्ता तोच. फरक फक्त जोड्याच्या घाटाचा.

या दोन ठरावांच्या मधल्या काळात, १८६२ साली, सुरतेला एक प्रसंग घडला. माणेकजी कावसजी एंटी नावाचे पारशी गृहस्थ तिथल्या कोर्टात असेसर होते. असेसर म्हणजे खटल्यात न्यायाधीशाला आपलं मत देणारा प्रतिष्ठित नागरिक. ते बूट घालून कोर्टात निघाले तर त्यांना बूट काढायला सांगितलं. त्यांनी नकार दिला. जुन्या पारशी आचारात तर अनवाणी चालणं हाच दोष मानला जाई, त्यामुळे ‘तुमची रीत’ हे कारणही त्यांना लागू पडेना. त्यांनी गप्प न बसता सरकारशी पत्रव्यवहार केला आणि हा प्रश्न मुंबई इलाख्यात गाजला. ज्या माणसाचं मत न्यायासाठी हवं होतं त्यालाच दारात अडवलं, हे कितीतरी लोकांना बोचलं.

दुसरा प्रसंग कलकत्त्याचा, १८७४ सालचा. ईश्वरचंद्र विद्यासागर एशियाटिक सोसायटीत गेले होते. तेव्हा सोसायटी आणि म्युझियम एकाच इमारतीत होतं. विद्यासागरांचा वेश ठरलेला, जाडंभरडं धोतर, अंगावर चादर आणि पायात देशी सपाता. दारवानाने त्यांना अडवलं. सपाता इथे काढा नाहीतर हातात घ्या, असं म्हणाला. इंग्रजी बूट घातलेली माणसं मात्र सरळ आत जात होती. संस्कृत कॉलेजचे माजी प्राचार्य, विधवाविवाहाच्या कायद्यासाठी झटलेले हे मोठे गृहस्थ काही न बोलता माघारी फिरले. घरी जाऊन त्यांनी म्युझियमच्या विश्वस्तांना रीतसर पत्र लिहिलं. मुद्दा साधा होता. जोडे काढायचे तर सगळ्यांनी काढावेत. इंग्रजी बूट चालतो तर देशी सपाता का चालू नये? कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांनी हा विषय उचलून धरला.

मैत्रिणींनो, विद्यासागरांना अनवाणी चालायचा कमीपणा वाटत होता असं कोणी म्हणणार नाही. देवळात किंवा गुरूंच्या घरी ते जोडे काढतच असतील. त्यांना खटकला तो दुजाभाव.

आपल्याच आळीत

इथपर्यंत वाचून ‘इंग्रज तसेच होते’ म्हणून मोकळं होता येईल. पण इतिहास सांगायचा तर आपल्या अंगणातलाही सांगायला हवा.

आपल्याकडच्या कितीतरी गावांत दलित माणसाला वरच्या आळीतून जाताना पायातली वहाण काढून हातात घ्यावी लागे. उन्हात तापलेल्या धुळीतून, काट्याकुट्यांतून तो अनवाणी जाई. तिथे कोणाचं देवघर नव्हतं की जाजम नव्हतं. रस्ता होता, सगळ्यांचा रस्ता. त्यावरून इतरांची गुरं जात, गाड्या जात, दुसऱ्यांचे जोडे जात. स्वच्छतेचा किंवा पावित्र्याचा तिथे काय संबंध? जी वहाण तो स्वतः शिवून दुसऱ्याला देई, ती स्वतःच्या पायात घालून चालायची त्याला मुभा नव्हती.

आणि आपलं, बायकांचं काय? एकोणिसाव्या शतकात पुण्या-मुंबईकडच्या घरंदाज बाईने पायात जोडे घालून आणि हातात छत्री घेऊन रस्त्याने चालणं म्हणजे पुरुषांची बरोबरी करणं मानलं जाई. आनंदीबाई जोशी अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेल्या त्याआधी त्यांनी श्रीरामपूरला, कलकत्त्याजवळच्या गावी, १८८३ मध्ये भाषण केलं होतं. रस्त्याने चालताना लोक कसे त्रास देत, कसे टोमणे मारत, हे त्यात त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. आज आपण दाराशी चपला सरकवून भाजीला जातो तेव्हा आपल्या मनातही येत नाही की ही चप्पल घालायलासुद्धा आपल्या पणज्यांच्या पिढीला बोलणी खावी लागली.

म्हणजे एकाला जोडे काढायला लावून कमी लेखलं, दुसरीला ते घालू न देऊन कमी लेखलं. वस्तू एकच. कोण वर, कोण खाली, हे दाखवायला ती वापरली गेली. त्यामुळे आजही दारात कोणी ‘चपला बाहेर’ असं जरा तोऱ्यात म्हटलं की समोरच्याला ते लागतं. त्या दोन शब्दांच्या मागे हे सगळं साचलेलं आहे.

मंडाले आणि रत्नागिरी

आता थोडं लांब, ब्रह्मदेशात जाऊ. पण वाटेत रत्नागिरी आहे, त्यामुळे फार परकं वाटणार नाही. रत्नागिरीचा थिबा पॅलेस तुमच्यापैकी कित्येकींनी सहलीत पाहिला असेल. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं आणि पुढच्याच वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. या गोष्टीत जोड्यांचाही एक धागा आहे.

थिबाचे वडील मिंडान राजे यांच्या मंडालेच्या दरबारात परदेशी वकिलांनीही जोडे काढून, खाली बसून राजाला भेटायचं अशी रीत होती. इंग्रज वकील ती पाळतही आले होते. १८७५ मध्ये डग्लस फोर्साइथ नावाचा अधिकारी मंडालेला जाऊन आला. त्यानंतर हिंदुस्थान सरकारने ठरवलं की यापुढे आपला वकील जोडे काढणार नाही. राजाला हे मान्य होणं शक्य नव्हतं. प्रजेसमोर त्याने माघार घेतली असती तर राजा म्हणून त्याचं काय उरलं असतं? परिणाम असा झाला की इंग्रज रेसिडेंट मंडालेत राहत असूनही राजाला भेटेनासा झाला. मिंडान १८७८ मध्ये गेले, थिबा आला, तेव्हाही तेच. दहा वर्षांनी लढाई झाली तिची कारणं वेगळी होती, सागवानाचा व्यापार आणि फ्रेंचांची भीती अशी. पण ज्या काळात समोरासमोर बसून बोलायची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच काळात दोन घरं बुटांवरून बोलेनाशी झाली होती. आपल्या नात्यातही असं होतं ना? मूळ भांडण वेगळंच असतं, पण ‘त्या दिवशी ते असे वागले’ म्हणून जाणं-येणं थांबतं आणि मग मूळ भांडण मिटवायला कोणी समोरच येत नाही.

राजा गेला तरी प्रश्न राहिला. राजवाड्यातून तो पॅगोडात आला. बौद्ध माणूस पॅगोडाच्या फरसबंदीवर अनवाणीच जातो. पण सत्ताधारी युरोपीय बूट घालून वर फिरत. पाट्यांवर जोडे काढण्याचा नियम सगळ्यांना आणि सूट तेवढी त्यांना. साधारण १९१६ पासून तिथल्या तरुण बौद्धांच्या मंडळाने हा विषय लावून धरला. लेडी सयाडो या मोठ्या विद्वान भिक्षूंनी पॅगोडात जोडे घालणं का अनुचित आहे, यावर स्वतंत्र लेखन केलं. आधी सभा, ठराव, अर्ज असं सगळं शांतपणे चाललं होतं.

पण ऑक्टोबर १९१९ मध्ये मंडालेच्या आइंडोया पॅगोडात काही युरोपीय बूट घालून आले, आणि तिथल्या भिक्षूंचा राग अनावर होऊन त्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. भिक्षूंना शिक्षा झाल्या. उ केट्टया नावाच्या भिक्षूला जन्मठेप झाली. त्यानंतर सरकारने मान्य केलं की आपल्या आवारात जोड्यांचा नियम काय असावा, हे त्या त्या ठिकाणच्या प्रमुख भिक्षूंनी ठरवावं. नियम सगळ्यांना सारखा झाला, तेव्हा अनेक युरोपीयांनी पॅगोडात जाणंच सोडलं. बूट काढण्यापेक्षा दर्शन न घेतलेलं त्यांना बरं वाटलं.

मला या प्रसंगात भिक्षूंची बाजू न्याय्य वाटते. तरी ज्याने अहिंसेचं व्रत घेतलं त्याच्या हातून मंदिराच्या आवारात माणसावर घाव पडला, हे वाचताना मन खिन्न होतं. पावित्र्य राखायला गेले आणि त्याच जागी रक्त सांडलं. आपली बाजू खरी असली म्हणजे आपला राग निर्दोष होतो, असं नाही.

दिलवाड्याचे बूट

याच सुमारास आपल्या समाजातही हा प्रश्न होता, आणि तो वेगळ्या रीतीने सुटला. अबूच्या पहाडावरची दिलवाड्याची मंदिरं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. विमलशहाने अकराव्या शतकात बांधलेलं आदिनाथांचं मंदिर आणि वस्तुपाल-तेजपाल या भावांनी तेराव्या शतकात उभं केलेलं नेमिनाथांचं. अबू हे इंग्रजांचं थंड हवेचं ठिकाण झालं आणि उन्हाळ्यात आलेले साहेब-मडम मंदिर बघायला येऊ लागले, तेही चामड्याचे बूट घालून. ज्या संगमरवरावर आपण हळू पाऊल टाकतो तिथे बुटांच्या टाचा वाजत. आपल्यासाठी यात दुहेरी दुःख. एक तर देवाच्या दारात पादत्राणं, आणि त्यातही मारलेल्या जनावराचं कातडं.

आचार्य विजयधर्मसूरी यांनी हा प्रश्न हाती घेतला. काशीला जैन पाठशाळा काढणारे आणि जुने ग्रंथ छापून घेणारे हे आचार्य. युरोपातल्या विद्वानांना हस्तलिखितांसाठी त्यांची मदत होत असे, त्यामुळे तिकडे त्यांना मोठा मान होता. लंडनच्या इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयाचे प्रमुख एफ. डब्ल्यू. थॉमस हे त्यांपैकीच एक. आचार्यांनी त्यांच्यामार्फत आमची अडचण काय आहे, ती का आहे, हे सरकारपर्यंत पोचवलं आणि दिलवाड्यात चामड्याचे बूट घालून जाणं बंद झालं.

बघा, स्वतः जन्मभर अनवाणी चालणाऱ्या साधूने हे सांगितलं. ज्याला आपण सांगतोय त्याला आधी कारण समजावून दिलं. आणि सांगण्याआधी वर्षानुवर्षं त्याच्याशी विद्येचं, स्नेहाचं नातं जोडलं होतं. मला वाटतं, काम झालं ते या तीन गोष्टींमुळे.

राजाचे जोडे

आपल्या धर्मात या विषयावर काय सांगितलंय? श्वेतांबर परंपरेत चैत्यवंदन भाष्यात मंदिरात जाताना पाळायचे पाच अभिगम सांगितले आहेत. फुलं-फळं असं सचित्त स्वतःसाठी घेऊन आत जायचं नाही, उत्तरासंग करायचा, हात जोडायचे, मन एकाग्र करायचं, वगैरे. पाठशाळेत तुम्ही ते शिकला असाल. त्याच्या जोडीला राजासाठी वेगळे पाच सांगितलेत. राजा दर्शनाला आला तर त्याने आपली पाच राजचिन्हं बाहेर ठेवायची: तलवार, छत्र, मुकुट, चामर आणि जोडे.

हे मला फार मोलाचं वाटतं. जोडे इथे राजचिन्हांच्या यादीत आहेत, तलवारीच्या आणि मुकुटाच्या रांगेत. म्हणजे आपल्या आचार्यांना पक्कं ठाऊक होतं की पायातल्या जोड्यातही अहंकार असतो, आणि तो सगळ्यात जास्त राजाच्या जोड्यात असतो. त्यामुळे नियम लावायचा तर तो वरून, राजापासून. दिगंबर असो की श्वेतांबर, आपल्या कोणत्याही मंदिराच्या दारात आजही शेठजींचे बूट आणि माळ्याच्या वहाणा शेजारी शेजारी पडलेल्या असतात. तिथे कोणाला अपमान वाटत नाही. काढायची क्रिया तीच आहे, जिने सुरतेला आणि कलकत्त्याला एवढी आग लावली. इथे आग लागत नाही, कारण सूट कोणालाच नाही.

साधू-साध्वींचं अनवाणी चालणं तर याच्याही पुढचं. वाटेतल्या जिवाला इजा होऊ नये म्हणून खाली बघत, जपून पाऊल टाकायचं, ती ईर्यासमिती. तिथे कोणी कोणाला काढायला लावलेलं नाही. स्वतःहून सोडलंय.

आपल्या उंबऱ्यावर

आता पुन्हा आपल्या घरात येऊ. घरात चपला नकोत, हा नियम मला स्वतःला हवासा वाटतो. फरशीवर मुलं रांगतात, आपण खाली बसून सामायिक करतो, स्वयंपाकघरात पाण्याच्या घड्याजवळ रस्त्यावरची घाण कशाला? पण वरचा सगळा इतिहास वाचल्यावर आपल्या दारात उभं राहून दोन-तीन गोष्टी तपासून बघायला हव्यात.

पहिली गोष्ट, आपल्याकडे सूट कोणाला मिळते? जावईबापू बूट घालून सोफ्यापर्यंत आले तर आपण ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणतो. भांडी घासायला येणाऱ्या ताईंना मात्र चपला दाराजवळही नाही, खाली जिन्याशी काढायला सांगतो. साहेबांच्या कचेरीतला ठराव हाच होता, इंग्रजी बूट चालेल, देशी जोडा बाहेर. नियम पावित्र्याचा असेल तर जावयाच्या बुटाची धूळ काय वेगळी असते?

दुसरी गोष्ट, खरी गरज कोणाची आहे? मधुमेह असलेल्यांना पायाची जखम कळत नाही, म्हणून डॉक्टर त्यांना घरातही अनवाणी चालू नका सांगतात. कोणाची टाच दुखते, कोणाचा गुडघा वाकत नाही. अशांसाठी घरात वापरायच्या कापडी किंवा रबरी सपाता दाराजवळ ठेवाव्यात. वाकून बंद सोडता येत नाहीत त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवावं. वयस्क सासूबाईंना आणि वयस्क कामवाल्या मावशींनाही. सूट द्यायची ती गरज बघून द्यावी, पत बघून नको. मला तर वाटतं, या एका गोष्टीने निम्मी भांडणं मिटतील.

तिसरी गोष्ट, कारण सांगायचं. ‘आमच्यात चालत नाही’ हे कारण नाही. त्याने समोरच्याला एवढंच कळतं की तो ‘आमच्यातला’ नाही. ‘आम्ही खालीच बसतो-जेवतो, म्हणून चपला इथे ठेवतो’ असं हसून सांगितलं तर परका माणूसही पटकन काढतो. नव्या सुनेलाही तेच. ती दुसऱ्या घरच्या रीतीत वाढलीय. तिच्या पायातल्या सपातांवरून तिच्या आईच्या वळणापर्यंत जायचं काही कारण नाही. भाषासमिती फक्त साधूंनीच पाळायची असं थोडंच आहे?

आणि आपण दुसऱ्याच्या घरी गेलो तर तिथली रीत विचारून घ्यावी. कोणाकडे चपला घालून आत चालतं, कोणाकडे अंगणातच काढायच्या असतात. फोर्साइथनंतरच्या साहेबांना मिंडान राजाच्या दारात जे जमलं नाही, ते आपल्याला मैत्रिणीच्या दारात जमायला हरकत नाही.

पर्युषणात आपण वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो. त्या वेळी मोठमोठी भांडणं आठवतात. दारात उभं राहून कोणाला तरी वरच्या पट्टीत ‘चपला!’ एवढंच म्हटलेलं आठवत नाही. ज्याला म्हटलं त्याच्या मात्र ते लक्षात राहतं, विद्यासागरांच्या राहिलं तसं. या आठवड्यात एक करून बघा. दाराशी सगळ्यांच्या चपलांसाठी एकच मांडणी ठेवा, घरच्यांची, पाहुण्यांची, कामाला येणाऱ्यांची. आणि तिथे सगळ्यात आधी आपल्या स्वतःच्या काढून ठेवा.